आत्याबाईंचा ओटा

माझ्या सासूबाई, गिरजाबाई, रोज सकाळी चूल पेटवण्याआधी स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून तळहात फिरवीत. मातीचा, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच ओटा. त्यावर चूल, बाजूला पिठाचा डबा. कुठे पोपडा सुटलेला हाताला लागला की लगेच शेणमाती कालवून तेवढा भाग सारवून टाकीत. लग्न होऊन मी रोहण्याला आले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवलं. "डोयानं नको पाहू, वच्छले. हातानं पाह्य." हा ओटा सासऱ्यांनी स्वतः घातलेला. सासरे मी पाहिले नाहीत, आणि आत्याबाई (मी त्यांना तेच म्हणे) त्यांच्याविषयी फारसं बोलतही नसत. पण त्या ओट्यावर कुणी ओली बादली टेकवली, तर त्याची धडगत नसे.

अंगाने त्या किडकिडीत, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या. "होत नाही" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "करून पाह्यलं का?" असं विचारून समोरच्याला गप्प करीत.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कापूस वेचून परतताना मी बैलगाडीवरून पडले आणि चाक गुडघ्यावरून गेलं. वर्ध्याच्या दवाखान्यात पाय वाचला, पण तो वाकेना. चालता येई, उभं राहता येई. चुलीपुढे मात्र बसता येईना. आत्याबाईंनी पुन्हा चूल हाती घेतली. धुराने त्यांना खोकल्याची उबळ येई, आणि मी काठी धरून दाराशी नुसती उभी.

दिवाळीनंतर कारंज्याहून त्यांच्या धाकट्या जाऊबाई आल्या. मी शेजारच्या खोलीत आहे हे ठाऊक असूनही त्या मोठ्यानेच म्हणाल्या, "बाई, पोरगं जवान हाय. चुलीपाशी बसता येत नाई, ते सून काय कामाची? दुसरी करून द्या त्याले."

मी भिंतीला टेकले. आत्याबाई भाकर थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला नाही. "गुडघा वाकत नाई तिचा," त्या म्हणाल्या. "हात चालतात न?" पण आमचे हे काय म्हणतील, या विचाराने माझा मात्र जीव कित्येक दिवस थाऱ्यावर नव्हता.

त्या उन्हाळ्यात उंदरांनी ओट्याचा कोपरा पोखरला. ह्यांनी आर्वीहून शहाबादी फरशी आणली, सोबत गवंडी. गवंड्याने ओटा ठोकून पाहिला. "कायले तोडता? कोपरा भरून वरून फरशी बसवून देतो. दोन दिसात काम." ह्यांनाही ते पटलं.

आत्याबाईंनी मला हाक मारली. भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि चुलीतला विझलेला कोळसा घेऊन माझ्या कमरेशी भिंतीवर रेघ ओढली. "ओटा इथवर पाह्यजे."

गवंडी हसला. "माय, बाई उभ्यानं सयपाक करते काय कुठी?"

"तू करून पाह्यला का?"

त्याचं हसू मावळलं. तो म्हणाला, "एवढं वजन हे माती झेलत नाई. मंग तोडाच लागते. पाया घेऊन विटानं चढवा लागते."

हे आईजवळ गेले. "माय, बाबाच्या हातचा हाय तो. फरशीखाली का होईना, राहू दे."

आत्याबाई ओट्यासमोर उकिडव्या बसल्या. मग उठून गवंड्याला म्हणाल्या, "चूल इझू दे. मंग तोडजो." विळा घेतला आणि वावरात निघून गेल्या. दिवेलागणीला परतल्या तेव्हा आत मातीचा ढीग होता. "आंगनातल्या खड्ड्यात टाकजो," एवढंच त्या मुलाला म्हणाल्या.

नवा ओटा पाहायला गावातल्या बाया येत, तोंडाला पदर लावून हसत. मी मात्र कित्येक महिन्यांनी भाकर थापली आणि ती तव्यावर टम्म फुगली, तेव्हा मला रडू आवरेना. आत्याबाईंना त्या ओट्यावर काम जमेना. तवा त्यांच्या छातीशी येई. बाजूला त्यांच्यासाठी एक खालची चूल घालू, असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "लय केला सयपाक. आता तू वाढजो, मी खातो." आयुष्यभर ज्या चुलीपाशी त्यांचंच राज्य होतं, ती त्यांनी अशी सोडली.

पुढे त्या तापाने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा खाट स्वयंपाकघराच्या दाराशी मांडायला लावली. मी पेज ढवळत होते. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, "आत्याबाई, ओटा तोडला तेव्हा तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं न. काऊन नाई वाटणार?" त्या म्हणाल्या. "म्हणून तं वावरात गेलतो. घरी असतो तं गवंड्याचा हात धरला असता."

पेज झाली. मी वाटीत घेतली आणि काठी टेकत त्यांच्या खाटेपाशी गेले. चार घोट घेऊन त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर त्यांच्या पोटात काही गेलं नाही.