दोडक्याच्या बियांची फाईल

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा पोरगी हैदराबादहून घरी आली. ती कंप्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. मी चौथी नापास.

आमचा भाजीचा मळा. बी धरायचं काम बायकोचं. कोणता दोडका वेलावर वाळू द्यायचा, वालाचं बी राखेत किती घोळायचं, सगळं तिच्या डोक्यात. ती पडल्या पडल्या सांगे, पोरगी लिहून घेई. पोरीनं त्यासाठी छोटा प्रोग्रॅम केला होता. रोजचं बोलणं फाईलच्या शेवटी जाऊन बसायचं.

"यायले काऊन नाही शिकवत, माय?" पोरगी माझ्याकडे बघून म्हणे.

"यायचं बी उगवतच नाही. ढोर पुरल्यावाणी खोल पुरते हा माणूस."

मी हसायचो. तेव्हा हसू येत होतं.

एकदा ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन मी नेरडीगोंड्याला झेरॉक्सच्या दुकानात गेलो, कागदावर छापून आणायला. दुकानदारानं उघडली तर नुसत्या चौकटी न् प्रश्नचिन्हं. "काका, खराब झाली हे." मला वाटलं, आजारी बाईचं मोडकंतोडकं बोलणं परक्याच्या मशिनीत काऊन ठेवायचं? अपशकुन. म्हटलं, "पुसून टाक, पेनड्राइव्हवरचंही." घरी सांगितलं, मशीन बंद होती.

नंतर बायको गेली.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी पोरीला म्हटलं, "माझी एक ओळ टाक त्यात." कंपनीचा लॅपटॉप तिनं परत दिला होता. फाईल घरच्या लॅपटॉपवर घेतली होती, पण तो दुसऱ्या जातीचा, त्यावर जुना प्रोग्रॅम चालेना. रडून रडून डोळे सुजलेले, तशीच तिनं घाईत नवा लिहिला. मी सांगितलं, "यंदा दोडका मी लावतो." तिनं बटण दाबलं. मग फाईल उघडून पाहिली. आत माझी एकच ओळ.

फाईल उघडायच्या तऱ्हा असतात म्हणे. नुसती वाचायची, शेवटी जोडायची, नाही तर आधीचं सारं पुसून नव्यानं लिहायची. एका अक्षराचा फरक. तिच्या हातून पुसायचं अक्षर पडलं. मशीन विचारत नाही. उघडल्याबरोबर आतलं साफ.

"पेनड्राइव्हवर तरी हे ना, बाबा?"

मी खरं सांगितलं.

"चौकटी दिसल्या म्हणून पुसलं? बाबा, आत सगळं जसंच्या तसं होतं. त्या दुकानदाराच्या मशिनीनं दुसऱ्या लिपीतलं समजून वाचलं. कोणत्या तऱ्हेनं वाचायचं ते उघडतानाच सांगावं लागते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. "आठवते ते सांगा. मी लिहिते."

मी बसलो. चाळीस वर्षं त्या बाईच्या मागं वाफ्यात फिरलो, पण राख किती, बी कोणत्या महिन्यात काढायचं, काही म्हणता काही आठवेना. म्हटलं, "आधी ते अक्षर दाखव." तिनं बोट ठेवलं. इंग्रजी वाचता येत नाही, पण त्याचा आकार आता ओळखतो. या खेपेस अक्षर जोडायचंच होतं.

मग सांगितलं, "लिही. हा माणूस बी खोल पुरते."

फाईलमध्ये आता दोन ओळी आहेत. मी लावलेला दोडका उगवला नाही.