फोचा भुरका

हनोईच्या एका गल्लीत, गुडघे हनुवटीला लागतील अशा बुटक्या स्टुलावर बसून मी सकाळी सकाळी फो मागवला. फो म्हणजे बीफच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया. माझी शाकाहारी बायको शेजारी केळं सोलत बसली होती.

आजूबाजूला सगळे मनसोक्त भुरके मारत होते. मी मात्र गुपचूप पीत होतो. घरी आमटीचा भुरका मारला की बायकोचं कोपर बरगडीत बसतं, त्याची ही सवय.

मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी येऊन माझ्या वाडग्यात लिंबू पिळलं. मग मिरची टाकली. तरी माझा आवाज नाही. बाईंचा चेहराच पडला.

"अहो, मारा की एक भुरका! त्यांना वाटतंय, रस्सा बिघडला," बायको कुजबुजली.

मी मारला. बाई खुदकन हसल्या.

आमच्याकडे 'छान झालंय' असं तोंडाने म्हणायची पद्धत नाही. दाद द्यायची एकच वाट होती, तीही हिने कोपराने बुजवली होती.

घरी परतल्यावर पहिल्याच आमटीला तसाच भुरका मारला आणि बरगडी सावरून बसलो. कोपर आलं नाही. आमटीची पळी आली, काठोकाठ भरून.