परीक्षा होऊन जाऊ दे

सुनेत्राच्या माहेरी एक नियम होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ज्याची परीक्षा असेल त्याच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही.

ती सोळा वर्षांची असताना, बर्मिंगहॅमच्या शाळेत तिचे पेपर चालू असताना, नागपूरची आजी गेली. आईने सहा दिवस ताकास तूर लागू दिली नाही. रोज सकाळी हातावर दही-साखर ठेवली, रोज संध्याकाळी "कसा गेला पेपर?" विचारलं. शेवटचा पेपर देऊन सुनेत्रा घरी आली, बूट काढले, तेव्हा स्वयंपाकघरात आई जी रडायला बसली ती रात्रीच्या जेवणापर्यंत उठली नाही. सुनेत्राला तेव्हा राग आला नाही. आपल्यासाठी आईने एवढं पोटात ठेवलं याचं तिला अप्रूपच वाटलं. घरातही या गोष्टीचं कौतुक होतं, आल्यागेल्याला सांगण्याइतकं.

आईचं नाव सुचेता. शाळेच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं मुलांना जेवण वाढून निवृत्त झालेली बाई. बाबा इंजिनिअरिंगच्या कारखान्यात होते. सुनेत्रा नर्स झाली, परीक्षितशी लग्न करून लंडनमधल्या हॅरोला आली, तनिषा झाली, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, जेव्हा बायका जरा पाय पसरून बसायचं म्हणतात, तेव्हा हिने प्रोफेशनल डॉक्टरेटला नाव घातलं. हॉस्पिटलात हृदयाच्या पेशंटांचं स्वतंत्र क्लिनिक सुरू व्हायचं होतं. तिथे नर्सच पेशंट तपासणार, नर्सच औषध लिहून देणार. ती खुर्ची सुनेत्राला हवी होती. चार दिवस वॉर्ड, एक दिवस विद्यापीठ, आणि उरलेल्यात घर, असं सहा वर्षं चाललं.

आईला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. महाराष्ट्र मंडळात भेटेल त्याला ती सांगायची, "आमची सुनेत्रा डॉक्टर होणार."

बाबा मागून दुरुस्ती करायचे, "नर्सच राहणार आहे. पण डॉक्टर नर्स."

"तेच ते. तुम्ही गप्प बसा हो."

सुनेत्राचा विषय होता हार्ट फेल्युअर. आपल्याकडच्या वयस्कर बायका या दुखण्यात डॉक्टरकडे इतक्या उशिरा का येतात? हॅरो आणि ईलिंगमधल्या बावीस बायकांच्या घरी जाऊन, त्यांचा चहा पिऊन, तिने हा एकच प्रश्न विचारला. उत्तरं ऐकून ती थक्क व्हायची. पाय सुजत होते, पण नातवाचे पेपर होते. धाप लागत होती, पण सुनेचं बाळंतपण तोंडावर होतं. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायचे, पण दिवाळीत कुठे सांगत बसू? कुणाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, की दवाखाना लांब होता असंही नाही. घरात कुणाचं तरी काहीतरी महत्त्वाचं चालू होतं, एवढंच. सुनेत्राने त्या प्रकरणाला नाव दिलं 'नंतर सांगू'. तिच्या गाइडबाईंना सगळ्यात जास्त तेच आवडलं.

आता एवढं सगळं लिहिणारीला स्वतःच्या घरातलं दिसू नये? नाही दिसलं. मला विचाराल तर तिला बघायला सवड नव्हती आणि तिच्या आईने ती मिळू दिली नाही.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. पूर्वी फोन आईच्या हातात असायचा, त्यामुळे अर्धा वेळ छतच दिसायचं. डिसेंबरपासून फोन बाबा धरायला लागले. आई बाबांच्या आरामखुर्चीत बसलेली दिसायची, तीही गळ्यापर्यंतच.

"तू बाबांच्या खुर्चीत कशी?"

"गुडघा धरलाय गं. ही खुर्ची बरी पडते."

"बाकी बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! किती राहिलंय लिहायचं तुझं? जा, बस लिहायला."

आणि सुनेत्रा बसायची लिहायला. दिवसभर ती परक्या बायकांच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज बघायची. आईचे पाय तिने दिवाळीनंतर पाहिले नव्हते. ख्रिसमसला सगळे बर्मिंगहॅमला जायचे असत, पण यंदा प्रबंध द्यायचा होता म्हणून तिने परीक्षित आणि तनिषाला पाठवलं आणि स्वतः मागे राहिली. चार दिवसांनी दोघं डबे भरून चकल्या घेऊन परतली. आजी मजेत आहे म्हणाली.

मे महिन्यात गुरुवारी तोंडी परीक्षा झाली. दोन परीक्षकांनी दोन तास पिळून काढलं. एकाने विचारलं, "दरवर्षी जाणाऱ्या अशा बायकांपैकी किती जणी तीन महिने आधी आल्या असत्या तर वाचल्या असत्या?" सुनेत्राने न अडखळता आकड्यासह उत्तर दिलं. थोड्या दुरुस्त्या सांगून त्यांनी हात मिळवला आणि "डॉक्टर" म्हणून हाक मारली. बाहेर येऊन तिने पहिला फोन बर्मिंगहॅमला लावला.

"झाली बाबा! पास झाले!"

पलीकडून बाबा म्हणाले, "शाब्बास. आता असं कर बाळ, तशीच इकडे ये. आई मंगळवारपासून हॉस्पिटलात आहे."

वॉर्डात शिरल्या शिरल्या सुनेत्राला सगळं कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती. पाय मांडीपर्यंत सुजलेले, ओठ निळसर, नाकावर ऑक्सिजन. किडन्या थकलेल्या. ड्युटीवरची नर्स ओशाळून म्हणाली, "आम्ही तुम्हाला कळवणार होतो. पण तुमच्या आईने बजावून सांगितलं होतं, गुरुवारच्या आधी नाही."

आईने डोळे उघडले. "झाली परीक्षा?"

"झाली."

"पास?"

"पास."

"मग रडतेस कशाला वेडे?" आई म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

सुनेत्राने बाबांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. जन्मात पहिल्यांदा ती बापावर ओरडली. "पाच महिने, बाबा! साध्या डॉक्टरकडेही नाही नेलंत तिला?"

बाबांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. "कसं नेणार? डॉक्टरच्या दवाखान्यात तुझा नंबर दिलेला आहे ना. आम्हाला मेसेज वाचता येत नाहीत म्हणून तूच दिला होतास. अपॉइंटमेंट घेतली की पहिला मेसेज तुला गेला असता. ती म्हणाली, नको. सुनेत्राची परीक्षा होऊन जाऊ दे."

तो नंबर तिने मोठ्या काळजीने दिला होता. त्या मेसेजच्या भीतीने आई पाच महिने खुर्चीत बसून झोपली होती. सुनेत्रा तिथल्या बाकावर बसली आणि बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली.

आई त्यानंतर साडेतीन आठवडे होती. जून महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी, ती गेली. हॅरोला तनिषाची ए-लेव्हलची, म्हणजे तिकडच्या बारावीची, परीक्षा चालू होती. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचा पेपर होता.

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरीला उद्याचा पेपर होईपर्यंत सांगू नकोस."

"नाही बाबा. माझ्या घरात हे आता होणार नाही."

त्या सकाळीच तिथे आलेल्या परीक्षितला बाबांजवळ ठेवून तिने एकटीने ट्रेन पकडली. सगळ्या वाटेत ती वाक्यं जुळवत होती. घरी पोचली तेव्हा अजून लख्ख ऊन होतं. तनिषा वरच्या खोलीत पुस्तकं पसरून बसली होती. सुनेत्रा पलंगाच्या कडेला टेकली आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणाली, "बाळा, आजी गेली."

तनिषा रडली, खूप रडली. मग अचानक थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मम्मी, मला माहीत होता."

"काय माहीत होतं?"

"ख्रिसमसला. आजी रात्रभर चेअरमध्ये झोपायची. तिचे फीट एवढे मोठे झाले होते, स्लिपर जात नव्हता. मी म्हटला, मी मम्मीला सांगते. तर आजीने माझा हात धरून प्रॉमिस घेतला. मम्मीची एक्झाम झाली की सांग. मी प्रॉमिस केला." तिने आईची बाही धरली. "मी तेव्हाच सांगितला असता, तर आजी वाचली असती? खरं सांग, मम्मी."

ख्रिसमस. डिसेंबर. जूनपर्यंत सहा महिने. पाणी उतरवणारी एक गोळी, हृदयाला आधार देणारी दुसरी, आठवड्याला एकदा वजन. सुनेत्राने या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात सहा वर्षं घालवली होती. परीक्षकांपुढे ते तिने आकड्यासह दिलं होतं. समोर सतरा वर्षांची पोर तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही गं राणी," सुनेत्रा म्हणाली. "काही फरक पडला नसता. आजीचं हृदय फार आधीच थकलं होतं."

"शुअर?"

"मी डॉक्टर आहे ना आता? मला नाही कळणार?"

आपल्या नावामागे तो शब्द तिने स्वतःहून लावला तो हा पहिल्यांदा. तनिषाने मान डोलावली, नाक पुसलं आणि हळूहळू वही पुढे ओढली. सुनेत्रा खाली स्वयंपाकघरात आली आणि सिंकचा नळ सोडून त्याच्या आवाजात रडली. पोरगी कधीतरी नर्सिंगची नाहीतर मेडिकलची पुस्तकं वाचेल, नाहीतर आईचाच प्रबंध उघडेल, आणि त्या दिवशी तिला सगळं कळेल, हे तिला ठाऊक होतं. पण उद्या पेपर होता.

सकाळी तनिषा दप्तर घेऊन दारात उभी राहिली तेव्हा सुनेत्राने वाटीत दही काढलं, वर साखर घातली. चमचा तिच्या हातात तसाच राहिला. सुतकात दही-साखर देतात की नाही, तिला आठवेना. विचारायला आई नव्हती.