नळीतला ढग

सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास आला की छावणीतला तो दवाखाना आठवतो. सातवीत शाळा सोडून सोयगावहून तिथल्या बेकरीत कामाला आलो होतो आणि पाय सुजले होते. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं गुपचूप बिघडतात. नुसत्या खोकल्याला आलेल्यांतही लई जणांत सापडतं, म्हणून मी सगळ्यांची लघवी तपासतो." कंपाउंडरनं लघवीची नळी दिव्यावर तापवली, तशी ती ढगाळली. मूत्रपिंडं गेलीच, आता मरायचं तर आईजवळ, म्हणून मी पिशवी उचलली. "कुठं निघाला मियाँ? सिरका टाकायचा राह्यलाय," कंपाउंडर म्हणाला. दोन थेंबांत नळी निवळली. "सिरक्यानं ढग गेला, म्हणजे मूत्रपिंडं चांगली. काही नाय झालं. दिवसभर उभा राहतो, म्हणून सूज," डॉक्टर म्हणाले. मी दोघांच्याही पाया पडलो. आता साठी उलटली, तरी दरसाल लघवी तपासून घेतो, अन् रिपोर्ट हातात येईपर्यंत बाकावर टेकत नाय.