हाताखाली माणसं किती?

माझे बाबा ठाण्यात कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत: प्रॉडक्शनवाली आणि बाकीची. मला प्रॉडक्ट मॅनेजरची नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेढे आणले आणि खोपटच्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघर सांगून आले की मुलगी प्रॉडक्शन मॅनेजर झाली.

"बाबा, प्रॉडक्ट. प्रॉडक्शन नाही."

"तेच ते गं. शेवटी प्रॉडक्टच काढता ना?"

खरं तर प्रॉडक्टही मी ठरवून निवडलं नव्हतं. मी शिकले मायक्रोबायॉलॉजी. मग डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये दहावीला सायन्स शिकवलं. मग एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घेतले. लोक इतक्या तऱ्हांनी चिडायचे की हळूहळू ते का चिडतात हे मला कळायला लागलं. साहेब म्हणाले, एवढं कळतंय तर तूच प्रॉडक्ट बघ. आमच्या टीममध्ये सगळे असेच वाट चुकून आलेत. एक जण दातांचा डॉक्टर होता, एक जण जहाजावर होता. लहानपणापासून प्रॉडक्ट मॅनेजरच व्हायचं होतं असा माणूस मला अजून भेटायचाय.

आमचं ॲप आहे घरी येऊन रक्त काढून नेणाऱ्या लॅबचं. त्यात माणूस सकाळी कधी यायला हवा ते निवडायची एक स्क्रीन असते. ती माझी. अख्खं ॲप नाही, ती एक स्क्रीन. डिझाइनवाल्यांना ती सुंदर हवी असते, इंजिनियरांना सोपी हवी असते, सेल्सवाल्यांना कालच हवी असते. मी दिवसभर सगळ्यांचं ऐकते. संध्याकाळी आई विचारते, "आज काय केलंस?" तेव्हा मला खरंच काही आठवत नाही.

गेल्या थंडीत बाबा हसत हसत घरी आले. कारखान्यातली जुनी मंडळी दर वर्षी सहलीला जातात. ह्या वेळी खडवलीला नदीकाठचं एक फार्महाऊस घेतलेलं.

"प्रमुख पाहुणी कोण, ओळख!"

"कोण?"

"तू! अर्धा तास बोलायचं. प्रॉडक्शन, काल आणि आज."

"बाबा, मला प्रॉडक्शनमधलं काहीही येत नाही."

"विनय चांगला असतो," बाबा म्हणाले, "पण इतका नको."

आईकडे पाहिलं तर ती म्हणाली, "जा गं. मला एक रविवार शांत मिळेल."

खोपटहून मिनीबसने निघालो. सगळे पुरुष, सगळे सत्तरीच्या आसपास, डोक्याला मफलर. मसाला, तांदूळ, मूगडाळ, भाज्या, तेल असं सगळं सामान बसमध्ये होतं. स्वयंपाकाला कल्याणचा आचारी परस्पर तिकडे येणार होता. फार्महाऊसच्या व्हरांड्यात बॅनर लावला होता. त्यावर माझा कॉलेजच्या आयकार्डवरचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'प्रॉडक्शन मॅनेजर'. मला शाल आणि नारळ दिला आणि मधल्या खुर्चीत बसवलं.

पहिला प्रश्न आला बॉयलरवाल्या काकांकडून. ते मूळचे कोलशेत गावातले, आवाज मोठा. "काय गो पोरी, हाताखाली मान्सं किती?"

"एकही नाही, काका."

"सगली कामावरून कारून टाकली?"

"नाही, नव्हतीच."

युनियनवाले काका सावरून बसले. "म्हणजे ते लोक तुमचं ऐकायला बांधील नाहीत?"

"अजिबात नाहीत."

"मग काम होतं कसं?"

"मी त्यांना विनंती करते."

बाबा नदीकडे बघायला लागले. मग क्वालिटीवाले काका बोलले. कारखान्याचा एकही डबा त्यांच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे, हे त्यांनी मला बसमध्ये दोनदा सांगितलेलं. त्यांनी हळूच विचारलं, "आणि माल बिघडला तर जबाबदार कोण?"

"मी."

"अधिकार काही नाही, जबाबदारी सगळी. ह्यात समाधान मिळतं?"

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. आचारी होता. बाबांनी स्पीकर लावला.

"साहेब, तुमचं पुढच्या रविवारी ना? मी टिटवाळ्याला मुंजीत आहे. पुऱ्या तळतोय."

मागून खरोखरच तळणीचा आवाज येत होता.

पुढच्या पाच मिनिटांत त्या फार्महाऊसचा कारखाना झाला, पण सगळेच फोरमन असलेला. बॉयलरवाले काका जाऊन शेगडीचा ताबा घेऊन बसले आणि कुणाला जवळ येऊ देईनात. क्वालिटीवाल्या काकांनी तांदळाचा वास घेऊन तो नापास केला. युनियनवाले काका म्हणाले की कांदा कोण चिरणार हे सर्वानुमते ठरल्याशिवाय एकही कांदा चिरला जाणार नाही. बाबा म्हणाले मसालेभात. युनियनवाले काका म्हणाले भजी तरी व्हायलाच पाहिजेत. कुणी म्हणालं भरीत. प्रत्येक जण मोठमोठ्याने दुसऱ्याला सूचना देत होता आणि हातात सुरी एकाच्याही नव्हती.

मी शाल अंगावर तशीच ठेवून उठले. खरं सांगते, काही ठरवून उठले नाही. रोज सकाळी मीटिंगमध्ये हेच असतं, फक्त मफलर नसतात.

आधी बाबांना बाजूला घेतलं. "मसालेभातच का हवाय?"

"मऊ असतो गं. निम्म्यांना कवळ्या आहेत."

युनियनवाल्या काकांना विचारलं, "भजी का हवीत?"

"तसा भज्यांचा माझा आग्रह नाही. पण तुझ्या बाबांनी परस्पर ठरवलेलं चालणार नाही."

भरीतवाल्यांना वांगंसुद्धा नको होतं, त्यांना शेगडीजवळ बसायचं होतं, थंडी वाजत होती. सगळ्यात शेवटी क्वालिटीवाले काका. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खरं सांगू? मला फक्त जिलबी हवी आहे. घरी मिळत नाही. साखर आहे मला."

मग मी व्हरांड्यात उभी राहिले आणि जाहीर केलं की आज पहिला टप्पा. पहिल्या टप्प्यात फक्त मुगाची खिचडी.

"आणि भजी?"

"दुसऱ्या टप्प्यात."

"दुसरा टप्पा कधी?"

"पहिल्याचा अनुभव बघून ठरवू. तुमची सूचना मी लिहून घेतलीय."

मी काही लिहून घेतलं नव्हतं. पण 'लिहून घेतलीय' म्हटल्यावर माणूस शांत होतो हे मला नोकरीने शिकवलंय. युनियनवाल्या काकांना मी कांद्याच्या समितीचं अध्यक्षपद दिलं. अध्यक्षांनी सदस्य न मिळाल्यामुळे सगळे कांदे स्वतःच चिरले, डोळे पुसत, आणि एकदाही तक्रार केली नाही. भरीतवाले शेगडीभोवती खुर्च्या टाकून बसले आणि मटार सोलू लागले. ड्रायव्हरला स्टेशनजवळून जिलबी आणायला पाठवलं. साखरवाल्या काकांना एकच मिळेल असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

बॉयलरवाल्या काकांनी मात्र शेगडी पूर्ण मोठी ठेवली. "वाफ धराया पायजे!" असं ओरडत ते टोपाशी उभे होते. वाफ धरली, आणि खालची खिचडीही धरली. करपल्याचा वास सुटला. क्वालिटीवाले काका डाव घेऊन पुढे आले, एक घास चाखला आणि म्हणाले, "नापास."

"काका, वरची कशी आहे?"

त्यांनी वरची चाखली. "वरची उत्तम आहे."

"मग आज वरचीच वाढायची. खालच्यावर काम चालू आहे."

लोक पोटभर जेवले. लोणचं होतं, तूप होतं, जिलबी होती. क्वालिटीवाल्या काकांनी एका जिलबीच्या नावाखाली किती खाल्ल्या हे मी पाहिलं नाही, म्हणजे पाहायचं टाळलं. भाषणाला कुणाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, अर्धे सतरंजीवर आडवे झाले. तरी युनियनवाले काका आभार मानायला उभे राहिले.

"आपल्या पाहुण्यांनी," ते म्हणाले, "स्वतः काहीही केलं नाही. हे मी मुद्दाम नमूद करतो. कांदा मी चिरला. मटार ह्यांनी सोलले. शेगडी त्यांनी सांभाळली, म्हणजे जाळली. पण ह्या नसत्या तर आपण उपाशी घरी गेलो असतो. ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. दर वर्षी ऑफिसात माझ्या कामाचं मोठ्या इंग्रजीत मूल्यमापन होतं. इतकं अचूक आजवर कुणी केलं नव्हतं.

नंतर आम्ही बापलेक नदीपाशी गेलो. बाबांनी काठावरचा एक दगड उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाले, "म्हणजे तू दिवसभर सगळ्यांना नाही म्हणतेस, पण कुणाला वाईट वाटत नाही."

"साधारण तसंच."

"थकत असशील गं."

आजवर मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "आम्हाला दिसत नाही ना काही, बाबा. तुमच्या हातांना रंग तरी असायचा. आई रॉकेलने पुसून द्यायची."

"तो रंग नाकातपण असायचा," बाबा म्हणाले. "त्याचं एवढं कौतुक नको करूस."

आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

त्यानंतर आठवड्याभराने सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. क्वालिटीवाले काका. साखर तपासायला त्यांनी आमचं ॲप घेतलं होतं.

"तुझे बाबा म्हणाले, ती वेळ निवडायची स्क्रीन तुझी. हो ना? अक्षरं बारीक आहेत. नापास."

मी ते मीटिंगमध्ये सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे किती लोकांचं म्हणणं आहे? मी म्हटलं, एकाचं, पण ते रोज फोन करतात. अक्षरं मोठी करायला सहा आठवडे लागले, त्यात डिझाइनवाले दोनदा रुसले. झाल्यावर मी स्वतःच काकांना फोन लावला. ते चष्मा शोधत होते, मी म्हटलं, राहू द्या, चष्म्याशिवाय बघा.

"हं," ते म्हणाले. "दिसतंय. पास." आणि लगेच, "आता त्या बटणाचा हिरवा रंग. तो हिरवा आहे का? हिरवा कसा असतो मी तुला सांगतो, बस."

मी खुर्ची ओढून बसले.