ग्रहांचा तंटा आणि गेटवाले चाचा

मलकापुरात लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारे आमचे चाचा नसते, तर या विश्वातल्या निम्म्या परग्रहवासीयांना न्याय मिळालाच नसता, असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्याला शेजारच्या गावात कोण कुणाच्या पॅनेलमध्ये गेलं हे धड ठाऊक नसतं. चाचांना मात्र हजारो प्रकाशवर्षांपलीकडच्या कुठल्या सेनापतीनं कुठल्या सम्राटाला फसवलं, कुणाच्या आजोबानं कुठला चंद्र बळकावला आणि त्यापायी आता कुणाच्या नातवंडांची डोकी फुटणार आहेत, हे तोंडपाठ. मराठीत आलेल्या झाडून साऱ्या विज्ञानकादंबऱ्या, अस्सल असोत की अनुवादित, त्यांनी वाचल्या आहेत. त्यातली यानं, यंत्रमानव, किरणांच्या बंदुका यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. "यंत्राचं काय कौतिक सांगता सर, दिसभर वेल्डिंगच करतोय की मी," म्हणतात. त्यांना रस दोन परग्रही जमातींच्या भांडणात, आणि त्याहून जास्त ते भांडण मिटवण्यात.

वाचनालयाच्या पुस्तकांत समासासमासातून त्यांचे पेन्सिलीतले निवाडे सापडतात. 'हा तह टिकणार नाही, आधी मोजणी करा.' 'वकिलाला दारात उभा केला, चहासुद्धा विचारला नाही, युद्ध होणारच.' ग्रंथपाल बाईंनी एकदा हातात खोडरबर देऊन सगळं पुसायला बसवलं, तर पुसता पुसता चाचांनी दोन निकाल फिरवले. रमजान लागला की युद्धाचं प्रकरण जिथं आलं असेल तिथं खूण घालून पुस्तक मिटतात. "म्हैनाभर दोन्हीकडच्यास्नी सुट्टी." एका वर्षी एका बिचाऱ्या ग्रहाला ऐन वेढ्यात महिनाभर तसंच ठेवलं आणि ईदच्या दिवशी नमाजाहून आल्यावर आधी तो वेढा उठतोय का ते पाहिलं, मग शीरखुर्म्याचा डबा घेऊन माझ्याकडे आले. वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं आकाशगंगा काढलेली असते आणि गेटची मापंही तिथंच. त्यामुळं आमचं गेट चार इंच आखूड आहे. "तुमचं माप म्हणून मी एका ग्रहाची कक्षा धरली सर," त्यांनी शांतपणे कबूल केलं आणि भरपाई म्हणून त्यावर लोखंडी पट्टीचे दोन ग्रह फुकट बसवून दिले. आमच्या हिला ते शेगडीचे बर्नर वाटतात.

तर अशा माणसानं एक दिवस स्वतःच कादंबरी लिहिली आणि ती माझ्याकडे आणली. मी निवृत्त मराठीचा शिक्षक. गावात मला मान आहे आणि तो मला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. तांदळाच्या पिशवीत घातलेल्या शंभरपानी अकरा वह्या त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या. "घाई न्हाई सर. पर समदं वाचा, आन् मग काय ते सांगा." मी नऊ पानं वाचली. थोरला आणि धाकला असे दोन ग्रह, त्यांच्यामध्ये बर्फाचा एक चंद्र, त्या चंद्राचं पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून सात पिढ्यांचं वैर, इतकं कळलं. शुद्धलेखनाच्या चुकांनी माझं डोकं उठलं आणि पिशवी कपाटावर गेली ती आठ महिने तिथंच राहिली.

चाचांनी या आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही. भेटले की "बरं हाय नव्हं सर?" एवढंच, आणि मग जरा थांबायचे. ते थांबणं मला सोसेना. मी बाजाराला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो, वयस्कर माणसाला चालणं चांगलं असतं असं घरी सांगून. पण गेटची कडी तुटली आणि जाणं भाग पडलं. वर्कशॉपात चार गिऱ्हाइकं बसलेली. चाचांनी काही विचारायच्या आत मीच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणालो, "चाचा, कादंबरी वाचली हो. काय शेवट केलाय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

चाचांच्या हातातली सळई हातातच राहिली. "शेवट आवडला, सर?"

"अप्रतिम. असा शेवट मराठीत झाला नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढून कामाला लागले. मला वाटलं, माणूस भारावला. गिऱ्हाइकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि मी कडी घेऊन ताठ मानेनं घरी आलो.

वह्या आता परत करायला हरकत नव्हती. उद्या कुणी विचारलं तर शेवट निदान माहीत असावा, म्हणून अकरावी वही काढून तिचं शेवटचं पान उघडलं. तिथं शेवट नव्हता. ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'सर, हितनं फुडं माझी मती चालत न्हाई. दोन्ही फौजा चंद्रावर उभ्या हायती. युद्ध करू का तह करू? तुमी सांगाल तसं लिवतो.'

मी खाली बसलो.  हिनं काय झालं विचारलं, तर पिशवीतून पहिली वही काढली.

मग मी ती कादंबरी वाचली. चार दिवस, पहिल्या ओळीपासून. चुका होत्या, पण त्या माझ्या डोळ्यांपुढून केव्हा गेल्या कळलं नाही. थोरल्यावरच्यांचं खरं होतं आणि धाकल्यावरच्यांचंही खरं होतं. एकाची बाजू वाचून संतापावं तर पुढच्या वहीत दुसऱ्याची तहान दिसायची. आणि सातव्या वहीत एक म्हातारे गुरुजी आले. दोन्ही ग्रहांपासून दूर, एका उजाड दगडावर एकटे राहणारे. दोन्ही जमाती फक्त त्यांचंच ऐकायला तयार होत्या, कारण काय, तर 'गुरुजी दोन्हीकडचा कागद शेवटल्या ओळीपत्तुर वाचतात आन् मगच तोंड उघडतात.' चष्मा नाकावर घसरलेला, बोलण्याआधी खाकरणारे. चष्मा माझा, खाकरणंही माझंच. आयुष्यभर मुलांची उत्तरं न वाचता मार्क देऊ नका म्हणून सहकाऱ्यांना सुनावणारा मी. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळीच वर्कशॉपात गेलो. चाचा एकटेच होते. मी म्हटलं, "चाचा, मी त्या दिवशी खोटं बोललो. वाचली नव्हती मी."

"ठाव हाय, सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "पर आता झाली लिवून." आणि त्यांनी टेबलाच्या खणातून बारावी वही काढून दिली.

मी तिथंच उभ्यानं तिची शेवटची पानं वाचली. दोन्ही फौजा चंद्रावर गुरुजींची वाट पाहत बसतात. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. गुरुजी येत नाहीत. बसून बसून कंटाळलेले शिपाई एकमेकांना तंबाखू मागतात, पोराबाळांची चौकशी करतात, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, कुणीही न सांगता, पाण्याच्या पाळ्या ठरतात. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'गुरुजी आजारी हुते, न्हाईतर आलेच असते.'

मला ती ओळ पुन्हा वाचवेना. मी विचारलं, "चाचा, गुरुजींना आजारी कशाला पाडलंत?"

"मग काय लिवू सर?" चाचा सळई घासत म्हणाले. "नुसतंच आलं न्हाईत म्हणून लिवलं, तर दोन्हीकडची पोरं त्यास्नी नावं ठेवतील की."

चाची आतून चहा घेऊन आल्या. मी तो मान खाली घालून प्यायलो. ती बारावी वही मी नंतर मागून घरी आणली आणि अक्षर न् अक्षर वाचली आहे. पण वाचली आहे, असं चाचांना सांगायला मला अजून तोंड नाही.