बँकेच्या लेखी संगीत

आर्विला रेनफ्रोच्या दुकानाचं दार उघडं राहिलं की वारा आत शिरतो आणि भिंतीवर ओळीने लावलेल्या बंदुकांच्या नळ्यांतून बारीक सूर निघतो. मी तो ऐकला आहे. तिचा शेजारी डेलमार म्हणतो, तो बिजागरीचा आवाज आहे.

कार्डाची मशिनं बसवणं हे माझं काम. प्रत्येक दुकानाला कार्ड कंपन्या चार आकडी क्रमांक देतात. त्यावरून बँकेला कळतं, माणसाने पैसे औषधांवर घातले की बुटांवर. आर्विलाचा क्रमांक ५७३३, म्हणजे वाद्यांचं दुकान.

तिचा नवरा ऑरिन पियानो जुळवायचा, व्हायोलिनं विकायचा. मशीन त्याने घेतलेलं. तो गेला, वाद्यं एकेक करत संपली. मग आर्विलाने परवाना काढून बंदुका विकायला सुरुवात केली. क्रमांक मात्र तोच राहिला. ते तिच्या लक्षात आलं होतं, पण ती गप्प बसली. त्यामुळे दर वर्षी शिकारीचा मोसम आला, की बँकेच्या लेखी आमचं सगळं खोरं संगीतात बुडून जायचं.

आता कोलोरॅडोत कायदा झाला. ज्या दुकानात सर्वांत जास्त विक्री बंदुका-गोळ्यांची, त्याचा क्रमांक ५७२३ हवा. तासाभरावर वायोमिंग, तिथला कायदा नेमका उलटा: असा वेगळा क्रमांक लावायलाच बंदी. मी फॉर्म घेऊन गेलो त्या सकाळी गवताच्या कुरणांवर धुकं होतं. दुकान त्यात तरंगत असल्यासारखं वाटत होतं.

"एक आकडा बदलायचाय, मिसेस रेनफ्रो. तिनाच्या जागी दोन," मी म्हणालो.

"एकच आकडा, पोरा, पण त्यात ऑरिन आहे," ती म्हणाली. "तो गेला तरी कुठेतरी, कुणाच्या तरी वहीत, तो अजून दुकान चालवतोय. तू सही घेशील आणि तो दुकान बंद करेल."

डेलमार स्टोवपाशी कॉफी पीत होता. "अगं, लिही ना वाद्यं! माझी बंदूक वाजतेच की. बायको म्हणते, बेसूर वाजते."

"खोटं लिहून सही करू?"

"इतकी वर्षं काय करत होतीस?"

आर्विला लाल झाली. कॉफी संपवून डेलमार निघून गेला. तिने फॉर्म तसाच गल्ल्यापाशी ठेवला.

दुपारी धुकं विरलं नव्हतं. मी मशीनची तार बघत होतो, तेवढ्यात डेलमारची बायको ओनायडा आली. कोट न काढताच तिने विचारलं, "ऑरिनकडची व्हायोलिनं संपली का गं सगळी?"

"केव्हाच. का गं?"

"बँकेचा वर्षाचा हिशोब येतो ना, त्यात दर वर्षी डेलमारच्या नावावर संगीत असतं. नऊ वर्षं. मला वाटलं, म्हातारा हप्त्याहप्त्याने काहीतरी घेतोय. लग्नाआधी मी वाजवायचे, त्याला माहीत आहे. मी काही विचारलं नाही. उगाच त्याची गंमत कशाला घालवा?"

आर्विलाने गल्ल्यापाशी पडलेला फॉर्म पुढे ओढला. "त्या बंदुका होत्या, ओनायडा. चूक आमच्या क्रमांकाची. मला माहीत होती."

ओनायडा खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिकडे काहीच दिसत नव्हतं.

"म्हणजे तो लपवत नव्हता," ती हळूच म्हणाली. "वाट बघणं मात्र छान होतं गं. संध्याकाळी भांडी घासताना वाटायचं, आज आणेल."

आर्विलाने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि फॉर्मवर सही केली. नाव पूर्ण लिहिलं.

"बदल," ती मला म्हणाली.

मी मशीन जवळ ओढलं.

"किती वेळ लागेल?" ओनायडाने विचारलं.

"दोन मिनिटं."

"मग जरा थांब." तिने पर्समधून कार्ड काढलं. "आर्विला, डेलमार वापरतो त्या गोळ्यांची एक पेटी दे. हे अजून संगीतातच जाईल ना?"

आर्विलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"जाईल," ती म्हणाली, आणि मशीन ओनायडापुढे सरकवलं.